चॉकीची गाडी

तासगाव मागे पडलं होतं, विटं अजून यायचं होतं आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांची ही रांग लागलेली. नेमका तेवढ्यात गाडीतला एसी बंद पडला. म्हणजे वारा येत होता, पण त्यातला गारवा गेला. संयोगितानं स्टिअरिंगवरचा एक हात काढून एसीच्या जाळीपुढे धरला.

मार्चमधलं ऊन, बंद गाडी, पुढे ट्रॉली आणि मागे ट्रॉली. अशा वेळी माणूस काच खाली करतो, चार शिव्या हासडतो आणि सोसतो. पण मागची सीट पाडून जे क्रेट रचले होते, त्यातल्या जिवांना ना काच चालत होती ना शिव्या देता येत होत्या. त्यात चॉकी होती. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले काही दिवस रेशीम केंद्रातच गारव्यात वाढवतात आणि दुसऱ्यांदा कात टाकायला बसल्या की शेतकऱ्याच्या हवाली करतात. त्या लहानग्यांना चॉकी म्हणायचं. जेमतेम जिऱ्याएवढा जीव. कात टाकताना त्या खात नाहीत, हलत नाहीत, नुसत्या मान वर करून निपचित पडून असतात. तेव्हा त्यांना उष्मा बाधला की कातीतल्या कातीत मरतात, आणि मेलेली कुठली आणि निजलेली कुठली हे बघणाऱ्याला कळतही नाही. बरं, काच उघडावी तर बाहेरची झळ त्यांना आतल्या उष्म्याहून वाईट. तासगावकडच्या त्या केंद्रातल्या मॅडमनी आदल्या दिवशी फोनवर तीनतीनदा बजावलं होतं: उन्हं तापायच्या आत घरी पोचा.

उन्हं तापून गेली होती. आणि हा उशीर कुणामुळे, ते संयोगिताच्या शेजारच्या सीटवर टोपी सारखी करत बसलं होतं.

नाथाजी तिचे सासरे. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात उभी हयात काढून हवालदार म्हणून घरी आलेले. ती त्यांना तोंडावर मामा म्हणे. मनात काय म्हणे ते आज न विचारलेलंच बरं. रहिमतपूरच्या बाजूला त्यांची शेती, सगळी उसाखाली. त्यातला एक एकर काढून तुती लावायची, असं संयोगितानं म्हटलं तेव्हा नाथाजींनी घर डोक्यावर घेतलं होतं. ऊस मोडून किडं पाळणार? गाव हसंल! सासूबाई शालूबाई तेवढ्या तिच्या बाजूच्या. अखेर नवऱ्यानं, यशराजनं, त्याच्या पलटणीतून फोन करून करून तह घडवून आणला. पहिली चॉकी जगली तर तुती राहील. मेली तर तुती उपटायची, पुन्हा ऊस लावायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. संयोगितानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता. तुतीच्या त्या एकरात तिनं स्वतः कांड्या लावल्या होत्या, स्वतः पाणी दिलं होतं. तिथे चालताना तिला पहिल्यांदा वाटत होतं की या घरात आपलंही काही आहे. आता तो एकर मागच्या क्रेटांमध्ये निपचित पडला होता.

आज पहाटे निघायचं ठरलेलं. तर नाथाजी ‘हवा भरतो, डिझेल टाकतो’ म्हणून अंधारातच गाडी घेऊन गेले, ते सूर्य चांगला हातभर वर आल्यावर उगवले. टायरात हवा भरायला माणूस मुंबईला गेला होता का, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पण तेव्हापासून एक वाईट शंका तिच्या डोक्यात घर करून बसली होती. मुद्दाम उशीर केला. चॉकी मरावी म्हणूनच उशीर केला.

‘मामा, गार येईना झालंय,’ ती म्हणाली.

‘हूं,’ नाथाजी म्हणाले.

एवढंच. हयातभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आणि ‘हूं’! संयोगिताला वाटलं, आता आपल्याला रडू फुटणार. तेवढ्यात पुढची ट्रॉली हलली, रांग सुटली, गाडीनं जरा वेग घेतला आणि बॉनेटखालून टक् असा आवाज आला. जाळीतून गार झुळूक लागली. तिचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या वळणावर एक ट्रॉली चाक फसून आडवी उभी. पुन्हा थांबले. थोडा वेळ गेला, पुन्हा टक्, आणि गारवा गेला. क्रेटच्या कडेला केंद्रातलं छोटं तापमापक लटकत होतं. तिनं आरशातून पाहिलं. आकडा चढत होता. गाडी हलली, आला गारवा. थांबली, गेला गारवा. गाडीची ही थट्टा विटं दिसेपर्यंत चालली, आणि प्रत्येक थांब्याला आकडा आधीपेक्षा वरच राहू लागला.

विट्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड होती आणि तिच्यावर गाड्यांच्या एसी दुरुस्तीची पाटी. संयोगितानं विचारलं नाही, सरळ गाडी आत घातली. मागच्या काचांवर भिजवलेली पोती टाकली आणि इंजिन चालूच ठेवलं. मेकॅनिक जयराज हात पुसत आला, चाळिशीचा, घाईत असलेला. त्यानं जाळीपुढे हात धरला, बॉनेट उघडून पाइपाला बोट लावलं आणि निकाल दिला.

‘गॅस कमी झालाय ताई. काढून नवा भराय लागंल. दोन तास धरून चाला.’

‘दोन तास? आवं दादा, आत चॉकी हाय. दोन तासात शिजून जाईल!’

‘मग दुसरं काय करणार? कॉम्प्रेसरच धरंना झालाय.’

ती हतबल होऊन उभी राहिली. भरा म्हणावं तर अळ्या जाणार, नको म्हणावं तरी जाणार. ‘भरा’ असं ती म्हणणारच होती, इतक्यात गाडीचं दार वाजलं. नाथाजी उतरले होते.

‘पोरी,’ ते म्हणाले, ‘बंद कवा पडतंय?’

‘मगापास्नं बगताय की. उभं ऱ्हायलं की पडतंय.’

‘आन् चालू?’

‘पळाय लागली की.’

‘मंग गॅस न्हाई त्यो. गॅस संपला आसता तर पळतानाबी गार झालं नसतं.’ ते जयराजकडे वळले. ‘पळत्या गाडीला वारा आपसूक लागतोय. उभ्या गाडीला वारा घालायचं काम जाळीमागच्या पंख्याचं. वारा न्हाई मिळाला की आतला दाब चढतोय, आन् जळू नये म्हणून कॉम्प्रेसर आपनच सुटतोय. तुमी पंखा...’

आणि नाथाजी बोलता बोलता थांबले. घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलेल्या माणसाचा चेहरा उजळायला हवा. त्यांचा उतरला. संयोगिताला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लावायला तिला सवड नव्हती. तिचं सगळं लक्ष जयराजनं हातात घेतलेल्या टॉर्चकडे होतं.

जयराज गुडघ्यावर बसला आणि टॉर्चचा झोत पुढच्या जाळीतून आत टाकला. ‘खरं हाय काकांचं. पंखा फिरंना. आन् ह्ये काय? चिंधी गुतलीय आत.’

इंजिन बंद करून त्यानं जाळी सैल केली, आत पक्कड घातली आणि ओढ ओढ ओढलं. निघाला तो एक हिरवा खण. नवाकोरा, लाल काठाचा, पंख्याच्या पात्याला पीळ घालून बसलेला. खणाच्या एका टोकाला चेचलेलं लिंबू आणि अंगाऱ्याची पुडी गाठ मारून बांधलेली होती. कुणीतरी तो जाळीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असा, बांधून ठेवला होता. तासगावजवळ रस्त्याचं काम चालू म्हणून त्यांनी उसातल्या कच्च्या वाटेनं गाडी काढली होती. त्या धक्क्यांनी गाठ सुटली असणार आणि पंख्यानं खण आत ओढला असणार.

संयोगिताच्या मस्तकात तिडीक गेली. घरात देवदेव करणारी एकच बाई. आणि तीच एकटी आपल्या बाजूची! तिनं सासूला लावायला फोन काढला.

‘आत्याला इचारते. कुणी सांगितलं हुतं ह्ये? गाडीच्या पोटात कुणी खण बांधतं व्हय? आज माजं समदं...’

‘फोन ठेव,’ नाथाजी म्हणाले.

‘का ठेवू? तुमाला काय, तुमाला तर बरंच झालं!’

‘शालूनं न्हाई बांधला.’ ते खणाकडे बघत होते. ‘मी बांधला.’

जयराजनं शहाणपणानं पक्कड पुसायला घेतली.

‘सकाळी औंधला गेलतो,’ नाथाजी म्हणाले. ‘यमाईला. हवा भराय म्हणून गेलो त्ये तिकडंच. देऊळ उघडूस्तवर बसाय लागलं.’

‘कशापायी?’

‘आता कशापायी म्हंजी. तुज्या किड्यांपायी.’

‘आन् मंग आत कशाला दडवला? आरशाला बांधायचा!’

‘तू बगितला आसतास की.’

संयोगिताला इतका राग आला की हसू येतंय की रडू, हेच तिला कळेना. ज्या माणसानं सगळ्या भावकीसमोर तुतीला नावं ठेवली, तो अंधारात उठून तिच्या तुतीसाठी देवीपुढे बसला होता. सकाळभर आपण यांच्याविषयी काय काय मनात आणलं, हे आठवून तिला लाज वाटली. आणि त्या लाजेचाही राग आला, कारण उशीर तर यांनीच केला होता आणि पंखाही यांच्याच भक्तीनं मेला होता. तिला त्यांच्याशी कडाडून भांडायचं होतं. पण आकडा चढत होता.

‘चालू करून बगा दादा,’ ती जयराजला म्हणाली.

इंजिन सुरू झालं, एसीचं बटण दाबलं. पंखा ढिम्म. अडकलेला पंखा फिरवता फिरवता मोटरीनं इतका करंट ओढला होता की त्याचा फ्यूज उडाला होता. जयराजनं डबे उपसले. त्या मापाचा फ्यूज त्याच्याकडे नव्हता. विट्यात दुकान होतं, पण गावात जाऊन यायचं म्हणजे पुन्हा अर्धा पाऊण तास.

‘हार्नचा काढा,’ नाथाजी म्हणाले. ‘त्याच मापाचा आसतोय ह्या गाडीला.’

‘आवं काका, कारखान्याच्या सीजनात बिनहार्नचं जाताय का? ट्रॉलीवालं टेप लावून चालवत्यात, हार्न मारूनबी ऐकत न्हाईत.’

‘मी हाय की हार्न,’ नाथाजी म्हणाले.

हॉर्नचा फ्यूज पंख्याच्या जागी बसला. पंखा कण्हत कण्हत फिरू लागला, मागोमाग टक् करून कॉम्प्रेसरनं धरलं, आणि जाळीतून गार हवा आली. तिघांनीही एकदमच श्वास सोडला. जयराजनं मात्र कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

‘मोटर भाजलीय ताई. कुठवर टिकंल सांगता यायचं न्हाई. शक्यतो थांबू नका.’

थांबू नका! जणू रस्ता तिच्या माहेरचा होता. विटं ओलांडलं आणि पुन्हा ट्रॉल्या सुरू झाल्या. जोडीजोडीच्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर लोंबणाऱ्या, आणि ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी सोडलेल्या. संयोगिता अंगावर जाईल इतकी जवळ गाडी नेई आणि नाथाजी अर्धे काचेबाहेर होऊन दारावर थापा मारत. ‘आरं ए गड्या! बाजू दे! बाजू दे रं!’ फौजेतला आवाज होता म्हणून निभावलं. काही बाजूला सरत, काही हात हलवून जायची खूण करत, आणि ती जीव मुठीत धरून उसाच्या कांड्यांना घासत गाडी काढी. दर वेळी नाथाजी काच वर करत, म्हणजे झळ आत यायला नको, आणि पुन्हा खाली करत. त्यांच्या टोपीचा रंग घामानं बदलला होता.

पण पुढच्या फाट्यावर रस्ताच तुंबला. साखर कारखान्याकडे वळणाऱ्या ट्रॉल्या एकमेकींत अडकून पडल्या होत्या, आणि ट्रॅक्टरवाले खाली उतरून तंबाखू मळत होते. गाडी थांबली. पंख्याचं कण्हणं वाढलं. संयोगितानं आरशात पाहिलं. आकडा पुन्हा चढायला लागला होता.

‘मामा, आता काय करू?’

नाथाजी खाली उतरले. त्यांच्या हातात तो खण होता, ग्रीसनं काळा झालेला. त्यांनी क्षणभर तो कपाळाला लावला, मग झटकून हातात मोकळा धरला आणि ट्रॉल्यांच्या मध्ये जाऊन एखाद्या कवायतीत झेंडा हलवावा तसा हलवू लागले. संयोगिता काचेतून बघत होती. सत्तरी गाठलेला माणूस, भर उन्हात, देवीचा खण घेऊन, ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडत होता. एरवी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आता ती मनात म्हणत होती, ओरडा मामा, आणखी जोरात ओरडा.

‘काय झालं आजोबा? पेशंट हाय का?’ एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

‘व्हय!’ नाथाजी म्हणाले. ‘बारकी लेकरं हायत आत. लय बारकी. आईबिगर हायत!’

त्या माणसानं तोंडातली तंबाखू थुंकली. ‘आरं काढा रं ट्रॉल्या! लेकरं हायत गाडीत!’ एकानं आपला ट्रॅक्टर सरळ शेताच्या बांधावर चढवला, दुसऱ्यानं मागे घेतला, आणि गाडी जाईल एवढीच वाट झाली. संयोगितानं ती वाट सोडली नाही. नाथाजी चालत्या गाडीत दार धरून चढले आणि सीटवर आदळले. कुणी गाडीत डोकावून बघितलं नाही, हे नशीबच.

पुसेसावळीच्या पुढे पंखा कायमचा थांबला. जीव गेल्यासारखा एक आवाज आला आणि संपलं. पण आता रस्ता मोकळा होता आणि पळत्या गाडीला वारा लागत होता, म्हणून कॉम्प्रेसरनं तग धरला. औंधच्या टेकडीवरचं देऊळ दिसू लागलं. नाथाजींचे हात जोडले गेले नाहीत. ते समोर बघत राहिले. शेवटी गावाचा फाटा आला आणि कच्चा रस्ता लागला. तिथे पळता येईना, आणि एसीनं मान टाकली. खिडकीकडच्या क्रेटवरचं पोतं कधीच वाळलं होतं. संयोगिता दात आवळून खड्ड्यांतून गाडी हाणत राहिली.

अळ्यांसाठी बांधलेल्या शेडच्या दारात शालूबाई उभ्याच होत्या. तिघांनी मिळून क्रेट आत नेले, बाकड्यांवर कागद अंथरून अळ्या पसरल्या, ओल टिपायला अंगावर चुन्याची भुकटी टाकली, खिडक्यांना ओली पोती लावली. अळ्या जशा केंद्रातून निघाल्या तशाच होत्या. पांढुरक्या, निपचित, मान वर केलेल्या. जिवंत की मेलेल्या, देव जाणे. कात टाकून उठल्या तर उद्या सकाळी उठतील. नाहीतर उठणार नाहीत.

संध्याकाळी संयोगिता शेडच्या पायरीवर बसली होती. नाथाजी समोर उभे राहिले, काहीतरी बोलायचं असल्यासारखे. तिनंच आधी सांगून टाकलं. ‘मामा, मी शबूद दिलाय. उद्या न्हाई उठल्या तर मी मागं फिरायची न्हाई. तुती उपटा.’ तिला वाटलं होतं ते काही म्हणतील. असू दे म्हणतील, बघू म्हणतील. ते खाली मान घालून गेले. फौजेतल्या माणसाला शब्द म्हणजे शब्द, हे ती जाणून होती, तरीही तिला फार एकटं वाटलं.

रात्री तिला झोप लागली ती पार उशिरा, आणि जाग आली ती आवाजानं. उजाडत होतं. खच्, खच्. कोयत्याचा आवाज, आणि तो तुतीच्या रानातून येत होता.

ती अनवाणीच धावली. दव पडलेल्या सरीतून नाथाजी वाकून चालले होते आणि उसाला घालतात तसा बुडक्याशी घाव घालून एकेक झाड आडवं करत होते. मागे कापलेल्या फांद्यांची रांग लागली होती. तिनं हातानं लावलेली, वाढवलेली झाडं.

‘आवं मामा!’ ती ओरडली. ‘मी आजून बगितलंबी न्हाई! मला बगू तरी द्यायचं हुतं!’

नाथाजी वळले. रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे होते ते.

‘मी बगितलं,’ ते म्हणाले. ‘खिडकीकडचा क्रेट गेला पोरी. समदा गेला. त्यो माज्यामुळं गेला.’

ती शेडकडे वळली.

‘बाकीच्या उठल्यात. पहाटं बगाय गेलो तर माना हलवत हुत्या, हिकडनं तिकडं हुडकत हुत्या. पुढ्यात पाला न्हाई. तू निजलीवतीस.’ त्यांनी मागच्या आडव्या फांद्यांकडे आणि मग हातातल्या कोयत्याकडे बघितलं. ‘मला ऊसच कापाय येतोय गं. ह्यो कसा कापायचा, ते दाव.’

संयोगिता सरीतच खाली बसली आणि रडली. नाथाजी कोयता धरून तिच्यापुढे उभे राहिले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि त्यांच्या हातातून कोयता काढून घेतला.

‘कोयता नगंच,’ ती म्हणाली. ‘आजून लहान हायत त्या. वरचा कवळा पाला लागतोय, हातानं खुडायचा. ह्यो असा.’

नाथाजींनी तिच्या हाताकडे नीट बघून घेतलं, टोपी काढून तिच्यात पाला धरला आणि शेजारच्या सरीत खुडायला लागले.